पत्त्याची मुदत

आमच्या घराचा पत्ता आजवर चार वेळा बदलला. घर मात्र आहे तिथेच आहे. बीदरच्या जुन्या शहरात, चौबाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पणजोबांनी बांधलेले. आजोबांना आलेल्या जुन्या पत्रांवर निजामाच्या राज्याचा उल्लेख आहे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि पत्रांवरचे हैदराबाद भारतातले झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आणि उदगीरला दिलेली आत्या, जी आदल्या दिवसापर्यंत आमच्याच जिल्ह्यात नांदत होती, ती मुंबई राज्याची रहिवासी झाली. १९७२ साली सहा आकडी पिनकोड आला, १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. या सर्व काळात दाराची चौकट तीच, उंबऱ्याची झीज तेवढी वाढत गेली. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, तेव्हा तिथे सारी नोकरी काढलेले आमचे थोरले बंधू एवढेच म्हणाले होते, "आपल्याला सवय आहे."

पत्ता देणारा कोणी वेगळाच असतो, हे आमच्यासारख्या सीमेवरच्या घराण्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तरीही २०२४ सालच्या दिवाळीच्या तोंडावर तीच गोष्ट आम्हांस नव्याने शिकावी लागली, आणि शिकविणारी होती भिंतीवर टांगलेली, दोन शिंगांची, अष्टौप्रहर डोळे मिचकावणारी एक पांढरी पेटी. लोक तिला राउटर म्हणतात.

प्रथम घरची परिस्थिती सांगणे भाग आहे. वडील २०२१ च्या मे महिन्यात गेले. दोन वर्षांनी वाटणी झाली. भांडण झाले असे कोणी म्हणणार नाही. आवाज कोणाचाच चढला नाही, आणि कदाचित तेच वाईट झाले. दादांकडे माडी गेली, आम्ही खाली राहिलो. शेत कागदावर दोन झाले. देवघर खालीच राहिले. सणावारी वहिनी खाली येत, निरांजन लावीत आणि परत जात. दादा खाली येईनासे झाले. आम्हीही वर जाईनासे झालो. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. लहानपणी त्या आम्ही दोघांनी मिळून मोजल्या होत्या.

'आम्ही' म्हणण्याची आमची खोड जुनी आहे, तीस वर्षे मराठी शाळेत गणित शिकविल्याने जडलेली. वाटणीच्या सुमारास दादांनी एकदा विचारलेही होते, "तुझ्या या 'आम्ही'त मी धरलेला असतो की नाही?" त्या वेळी उत्तर सुचले नाही.

इंटरनेटची जोडणी मात्र एकच राहिली होती. ती वडिलांच्या हयातीत घेतलेली, खालच्या ओसरीत येणारी. बिल निम्मे निम्मे. वाटणीनंतर दादांनी माडीसाठी आपली वेगळी पेटी आणली आणि आमच्या पेटीतून एक वायर जिन्याच्या कडेने वर नेली. आमच्या घराच्या दगडी भिंती दोन-दोन हात रुंद. आत मोबाइलला धड रेंज येत नाही. वहिनींचे पुण्यातल्या लेकीशी रोज संध्याकाळचे बोलणे सगळे या वायरीवर अवलंबून. लेकीचे दिवस भरत आलेले, त्यामुळे त्या बोलण्याला महत्त्वही तसेच.

ऑक्टोबरच्या मध्याला आम्ही जिन्याला रंग काढला. रंगाऱ्याने वायर काढली, भिंत रंगविली, वायर पुन्हा खोचली. "नीट बसली ना?" असे विचारल्यावर त्याने "एनू आगल्ला सर" असे अभय दिले. त्याच संध्याकाळपासून घरात भूतबाधा झाल्यासारखे झाले. माडीवर इंटरनेट बंद. खाली आमच्या फोनवर चालू, तर सौभाग्यवतींच्या फोनवर बंद. सकाळी तिच्यावर चालू, तर आमच्यावर बंद. पट्ट्या पूर्ण दिसत, पण पान उघडत नसे. पेटी बंद करून चालू केली की कधी बरे होई, कधी अधिकच बिघडे. गणिताच्या शिक्षकाला याहून मोठा अपमान नाही. चूक असेल तर ती दर वेळी तीच असावी, एवढी तरी अपेक्षा असते.

तिसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास ओसरीतला प्रिंटर आपण होऊन जागा झाला. कोणी काही सांगितलेले नसता त्याने घरघर केली आणि एकामागून एक तीन कागद बाहेर टाकले. आम्ही चष्मा लावून पाहिले. वर दादांचे नाव, खाली हैदराबादच्या एका रुग्णालयाचा शिक्का. हृदयाच्या तीन वाहिन्यांत अडथळे, बायपास शस्त्रक्रिया, खर्चाचे अंदाजपत्रक, दाखल होण्याची तारीख १८ नोव्हेंबर. कागद एक महिन्यापूर्वीचा होता.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कागद घेऊन वर जावे, तर दुसऱ्याचे पत्र वाचल्याची कबुली द्यावी लागणार. न जावे, तर काय करावे?

दुसऱ्या दिवशी जोडणीवाल्यांच्या दुकानातला एक मुलगा आला. त्याने दोन्ही पेट्या पाहिल्या, फोनवर काही आकडे पाहिले आणि हसून आपल्या दख्खनीत निकाल दिला: "दो-दो सेठां बैठे सर घर में, नौकर किसकी सुनना?" त्याला पुढच्या गल्लीत जाण्याची घाई होती. दुरुस्ती अशी काही नाही, वरच्या पेटीतून पत्ते वाटणे बंद करा, म्हणजे झाले, एवढे सांगून तो गेला. मग आम्ही वही उघडून बसलो आणि शिकलो. जे कळले ते येथे देतो. आमच्या वयाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही पेटी असेल, आणि तिच्या पोटात काय चालते हे सांगणारे जवळ कोणी नसेल.

घरातल्या प्रत्येक यंत्राला, म्हणजे फोन, संगणक, प्रिंटर, दूरदर्शन संच, अशा प्रत्येकाला एक आकडी पत्ता लागतो. चार आकडे, मध्ये तीन टिंबे: १९२.१६८.१.१ असा काहीसा. पृथ्वीवर असे पत्ते होऊ शकतात सुमारे चार अब्ज एकोणतीस कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. पण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी १९९४ सालापासून राखून ठेवले आहेत. ते घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत, म्हणून एकच पत्ता लाखो घरांत सुखाने नांदतो. 'मारुतीच्या देवळासमोरचे घर' हा पत्ता जसा कोणत्याही गावात चालतो, तसेच हे. गावाबाहेर तो सांगून उपयोग नाही. बाहेर जाताना पेटी आपला एकच सार्वजनिक आकडा सर्वांच्या वतीने लावते. घरातले दहा जण, पण सावकाराकडे सही एकट्या कर्त्याची.

आता हे घरगुती पत्ते द्यायचे कोणी? पूर्वी एक एक यंत्र उघडून माणूस हाताने आकडा भरीत असे. १९८५ पासून बूटपी नावाची एक पद्धत आली. तीत कोणत्या यंत्राला कोणता आकडा हे वहीत आधी नोंदवून ठेवावे लागे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे, तसे ते ठरलेले. नवा विद्यार्थी आला की कोणीतरी पुन्हा यादी लावायची. १९९३ साली जी नवी रीत लिहून काढण्यात आली आणि जिचा आज चालणारा मसुदा राल्फ ड्रोम्स या अमेरिकी प्राध्यापकांच्या नावाने मार्च १९९७ मध्ये निघाला, तिला डीएचसीपी म्हणतात. तिच्यात वार नाहीत. ती माधुकरी आहे.

गाणगापूरला गेलेल्यांना हे सांगणे नको. नवे यंत्र घरात शिरते तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो. चारही जागी शून्य. देणारा कोण हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून ते साऱ्या घराला ऐकू जाईल असा पुकारा करते: कोणी आहे का देणारे? पेटी ओटीवर येऊन म्हणते, हा घे, अमुक आकडा देते. यंत्र पुन्हा मोठ्याने म्हणते, अमुक घरचा अमुक आकडा घेतो. मोठ्याने एवढ्यासाठी, की आणखी कोणी देऊ केले असेल तर त्यानेही ऐकावे आणि आपले परत न्यावे. शेवटी पेटी पावती देते. पावती हाती येईपर्यंत तो आकडा वापरायचा नाही असा नियम आहे. आम्ही बीदरकर, पावतीचे महत्त्व आम्हांस वेगळे काय सांगावे? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार लुटविले, आणि विठू महाराच्या रूपाने विठ्ठल आमच्याच गावच्या दरबारात धान्याचे मोल भरून पावती घेऊन गेला, अशी कथा आहे. देवालाही रिकाम्या हाताने परतता आले नाही.

आणि मिळालेला पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. आमच्या पेटीत ती चोवीस तासांची निघाली. निम्मी मुदत सरली की यंत्र आपण होऊन विचारते, पुढे ठेवू का? पेटी हो म्हणते आणि मुदत नव्याने सुरू होते. सालगड्याचा पाडवा ते पाडवा असा करार असतो, पण जाणता गडी पाडव्याची वाट पाहत नाही. चार महिने आधीच मालकाच्या कानावर घालतो. विचारणारा घरात नसेल तर मुदत संपते आणि आकडा पुन्हा सामाईक साठ्यात पडतो.

एवढे समजल्यावर आमच्या घरातले भूत दिसू लागले. दादांच्या पेटीला मागे पाच खाचा आहेत, चार पिवळ्या आणि एक निळी. निळीत आलेली वायर म्हणजे बाहेरचे जग, पिवळीतली म्हणजे घरातले माणूस. दादांनी वायर निळीत लावली होती; त्यामुळे त्यांची पेटी आमच्याकडून इंटरनेट घेई, पण माडीचे पत्ते माडीपुरते आपण वाटी. दोन चुली, मध्ये भिंत. रंगाऱ्याने वायर पिवळीत खोचली. भिंत पडली. सारे घर एक झाले आणि त्यात पत्ते देणारे दोघे उरले: खालची पेटी १९२.१६८.१ चे पत्ते देणार, वरची १९२.१६८.० चे. यंत्राने पुकारा केला की दोघेही ओटीवर येणार, आणि यंत्रे बहुधा पहिल्याने पुढे आलेले घेतात. खालच्या पेटीचा पत्ता ज्याला मिळाला तो सुखी. वरच्या पेटीचा ज्याला मिळाला, त्याला पत्ता तर रीतसर मिळाला, पावतीही मिळाली. पण ज्या दाराने बाहेर जायचे म्हणून सांगितले, ते दार आता कुठेच उघडत नव्हते.

आमच्या प्रिंटरला त्या दिवसांत माडीचा पत्ता मिळाला होता. दादांच्या संगणकात वाटणीपूर्वीपासून हाच प्रिंटर नोंदलेला. महिन्यापूर्वी त्यांनी सवयीने छापण्याची आज्ञा दिली असणार, कागद निघाला नसणार, आणि ते बाजारातून प्रत काढून मोकळे झाले असणार. आज्ञा मात्र रांगेत थांबली. भिंत पडल्या रात्री तिला वाट सापडली.

उपाय दोन होते. वायर पुन्हा निळ्या खाचेत घालावी. दोन मिनिटांचे काम, आणि घर पूर्ववत दोन. किंवा वरच्या पेटीने पत्ते देणे थांबवावे, नुसती पोहोचविणारी म्हणून राहावे, आणि साऱ्या घराला खालून एकच देणारा असावा. दुसरा उपाय करण्यास दादांची पेटी उघडणे आवश्यक. म्हणजे दादांना विचारणे आवश्यक.

आम्ही चौदा पायऱ्या चढलो. वहिनींनी दार उघडले, काही न बोलता क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "बसा की भावजी, उभे काय?" दादा खिडकीपाशी होते, पूर्वीपेक्षा बारीक. आम्ही पेटीपासून सुरुवात केली, दोन कर्त्यांची गोष्ट सांगितली, माधुकरी सांगितली. दादा सारे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे माझ्या पेटीने कर्तेपण सोडायचे." आम्ही म्हटले, "आमच्या पेटीने सोडले तरी चालेल; पण बाहेरची वायर खाली येते." मग तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते त्यांनी उलटून पाहिले. "हे तुझ्याकडे छापले गेले होय? मी त्या यंत्राला नादुरुस्त समजलो होतो." वहिनी आत निघून गेल्या. लेकीला कळवायचे नाही, बाळंतपण होईपर्यंत कोणालाच कळवायचे नाही, असे दोघांनी ठरविले होते. कोणालाच, यात आम्हीही आलो.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, "कर बंद. काय करायचे ते कर."

ते बंद करण्यात आम्ही एक घोडचूक केली, तीही सांगून ठेवतो. दोन पेट्यांमधली वायर काढून आम्ही दादांचा संगणक त्यांच्या पेटीला जोडला, पेटीच्या बुडावर चिकटविलेला परवलीचा शब्द घालून तिचे पान उघडले आणि आधी पत्ते देणेच बंद केले. संगणक पुन्हा सुरू झाला तो पत्त्याविना. कोणीच देत नाही असे दिसल्यावर यंत्र स्वतःच एक आकडा घेऊन बसते, १६९.२५४ ने सुरू होणारा. त्या आकड्याने पेटीचे पान उघडेना. दार आतून लावून किल्ली विहिरीत टाकावी तसे झाले. शेवटी संगणकाला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता भरून दिला, तेव्हा आत शिरता आले. मग पेटीचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. तो बदलताक्षणी पान पुन्हा गेले, कारण पेटीच आता नव्या पत्त्यावर राहायला गेली होती! संगणकाला पुन्हा 'आपोआप घे' असे सांगितले, वायर पिवळ्या खाचेत लावली आणि श्वास रोखून बसलो. संगणकाने पुकारा केला. एकच उत्तर आले, खालून.

खाली येऊन आमच्या पेटीत १०० पासून १९९ पर्यंतचे शंभर पत्ते वाटण्यासाठी ठेवले, त्याखालचे हाताने देण्यासाठी राखले. प्रिंटरसाठी ११० हा आकडा कायमचा नेमून टाकला. त्याचा तेवढा वार लावला म्हणा ना. रात्री पेटीच्या पानावर यादी पाहिली. आमचा फोन, सौभाग्यवतींचा, प्रिंटर, आणि १०७ या आकड्यासमोर दादांच्या फोनचे नाव. दीड वर्षानंतर घराची एक यादी झाली होती.

१७ नोव्हेंबरला आम्ही दादांना घेऊन हैदराबादला गेलो. वहिनी सोबत होत्याच. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी नव्हे, चौथ्या दिवशी झाली. रुग्णालयांत असे होते. आम्ही मध्ये एकदा पैशांच्या व्यवस्थेसाठी बीदरला आलो, रात्री सवयीने यादी उघडली. १०७ रिकामा होता. मुदत कधीच सरली होती. हे असेच होते, यात अशुभ काही नाही, हे आम्ही वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. तरी त्या रात्री दिवा मालविण्यास बराच उशीर झाला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादा घरी यायचे होते. गाडी भाच्याने नेली होती. आम्ही खालची खोली त्यांच्यासाठी लावून घेतली होती, जिना अजून चढायचा नव्हता. वाट पाहताना करमेना म्हणून संगणकापुढे बसलो आणि पान पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास यादीत एक ओळ वाढली. दादांचा फोन, आकडा १०७. पूर्वीचा पत्ता मोकळा असेल तर तोच परत द्यावा, असे त्या १९९७ सालच्या मसुद्यातही सुचविले आहे. आम्ही उठून दार उघडेपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती.

दादा आमच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, उंबऱ्याशी थांबले, ओसरीतल्या पेटीकडे पाहिले. नंतर पंधरा दिवस ते खाली राहिले आणि रोज तक्रार करीत राहिले, की माडीवर इंटरनेट याहून वेगाने चालत असे.